लोकलहोस्ट म्हणजे नेमकं कुणाचं घर? कंटेनरमधल्या होम असिस्टंटचं नेटवर्क दुरुस्त करताना

सकाळी साडेसहाला जिन्यातून आईची हाक आली, "अरे, टाकी वाहतेय! तुझं ते मशीन मोटर बंद करणार होतं ना?"

करणार होतं खरं. गच्चीवरच्या टाकीत ईएसपी८२६६ या छोट्या वायफाय चिपवर चालणारा एक सेन्सर आहे. तो पाण्याची पातळी मोजतो आणि एमक्यूटीटी या उपकरणांच्या निरोप-पद्धतीने कळवतो. मधला निरोप्या म्हणजे मॉस्किटो हा ब्रोकर. निरोप होम असिस्टंट या घर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला मिळाला, की पातळी नव्वद टक्क्यांवर गेल्यावर तो मोटरचा स्विच बंद करतो. मॉस्किटो, होम असिस्टंट आणि झिग्बी या बिनतारी पद्धतीच्या उपकरणांसाठीचं झिग्बीटूएमक्यूटीटी ही तिन्ही एका जुन्या मिनी पीसीवर (पुढे त्यालाच सर्व्हर म्हणतोय) डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या वेगवेगळ्या बंद डब्यांमध्ये, चालतात. आदल्या रात्री मी सगळ्या इमेज, म्हणजे कंटेनर ज्यांवरून उभे राहतात ते साचे, अपडेट केल्या, हिरवे दिवे पाहिले आणि झोपलो.

त्या सकाळी पहिल्या तासाभरात मी सात गोष्टी बदलल्या. राउटर रीस्टार्ट केला, सेन्सरचा वायफाय पासवर्ड पुन्हा टाकला, कंटेनर पुसून नव्याने उभे केले. यातलं काहीच बिघडलेलं नव्हतं. बिघाड मॉस्किटोत होता, आणि आधी नीट विचारलं असतं तर तो पाच मिनिटांत सापडला असता. ते विचारायचं कसं, त्याबद्दल हा लेख आहे. (आता त्या टाकीत साधा फ्लोट स्विचही बसवला आहे. पाण्याच्या आणि विजेच्या कामात शेवटचा शब्द सॉफ्टवेअरकडे ठेवू नये.)

कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलवर त्या नेहमीच्या स्पेलिंगनेच टाइप करायच्या आहेत.

आधी कागद घ्या

खरंच कागद घ्या. घरातली उपकरणं, सर्व्हर आणि प्रत्येक कंटेनर यांचा एकेक चौकोन काढा आणि प्रत्येकाचा पत्ता लिहा. माझ्या घरी राउटर १९२.१६८.१.१ वर आहे, मिनी पीसी १९२.१६८.१.१० वर, टाकीचा सेन्सर १९२.१६८.१.४१ वर. इथवर सोपं आहे. गोंधळ सुरू होतो तो सर्व्हरच्या आत.

डॉकर सर्व्हरच्या पोटात स्वतःचं वेगळं नेटवर्क तयार करतो, त्याला ब्रिज म्हणतात. मूळ ब्रिजचे पत्ते सहसा १७२.१७.०.०/१६ या पट्ट्यातले असतात आणि सर्व्हरचा तिथला पत्ता १७२.१७.०.१. तुम्ही कंपोज फाइल (कुठले कंटेनर कसे चालवायचे याची यादी) वापरत असाल, तर प्रत्येक प्रकल्पाला आणखी एक नवं नेटवर्क मिळतं: १७२.१८, १७२.१९ असं पुढे. ही बंद गेटची सोसायटी समजा. आतला माणूस बाहेर फोन लावू शकतो, पण बाहेरच्याला आतला फ्लॅट नंबर दिसत नाही. गेटवर सांगून ठेवलं असेल, तरच पाहुणा आत जातो. हे सांगून ठेवणं म्हणजे पोर्ट (यंत्रावरचं क्रमांकाचं दार) प्रकाशित करणं. कंपोज फाइलमध्ये ‘१८८३:१८८३’ लिहितो ते हेच. डावीकडचा आकडा सर्व्हरचा, उजवीकडचा कंटेनरचा. हा क्रम उलटा लिहून अर्धा दिवस घालवलेले लोक मला माहीत आहेत, त्यात मीही आलो.

आता लोकलहोस्ट. १२७.०.०.१ या पत्त्याचा अर्थ ‘मी स्वतः’. हे वाक्य मिनी पीसी म्हणाला तर अर्थ मिनी पीसी, झिग्बीटूएमक्यूटीटीचा कंटेनर म्हणाला तर अर्थ तो कंटेनर, फक्त तेवढाच. त्याच्या सेटिंगमध्ये ब्रोकरचा पत्ता लोकलहोस्ट ठेवलात, तर तो ब्रोकरला स्वतःच्याच घरात शोधत बसेल. लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदींमध्ये, ‘ईकनरिफ्यूज्ड १२७.०.०.१:१८८३’ अशी ओळ दिसली, की दहातल्या नऊ वेळा हेच झालेलं असतं.

कागदावर चौकोन झाले की फक्त बाण काढा: कोण कुणाला फोन लावतोय. सेन्सर ते मॉस्किटो एक, झिग्बीटूएमक्यूटीटी ते मॉस्किटो दोन, होम असिस्टंट ते मॉस्किटो तीन, मोबाइल ते होम असिस्टंट चार. यातला कुठला बाण तुटलाय, एवढंच शोधायचं. ‘नेटवर्क चालत नाहीये’ हे वाक्य निरुपयोगी आहे. ‘सेन्सरपासून मॉस्किटोपर्यंत पोचत नाही, पण मोबाइलपासून होम असिस्टंटपर्यंत पोचतं’ हे वाक्य म्हणजे अर्धी दुरुस्ती.

नकाराचे चार प्रकार

एरर वाचायचा कंटाळा आपल्या सगळ्यांना असतो. पण नेटवर्कचे नकार मुख्यतः चार प्रकारचे असतात आणि प्रत्येकाचं कारण वेगळं असतं.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर खूश व्हा. तुम्ही दिलेल्या पत्त्यावरच्या यंत्रापर्यंत पोचलात आणि यंत्राने उत्तरही दिलं, फक्त त्या पोर्टवर कुणी ऐकत बसलेलं नाही. दार ठोठावलं आणि आतून ‘इथे असं कुणी राहत नाही’ असं कळलं. कंटेनर बंद आहे, पोर्ट चुकलाय किंवा आतला प्रोग्रॅम फक्त स्वतःच्याच लोकलहोस्टवर ऐकतोय.

‘टाइम्ड आउट’ म्हणजे ठोठावलं आणि काहीच नाही. पॅकेट वाटेत कुणीतरी गिळलं. इथे संशय फायरवॉलवर (पॅकेटं अडवणाऱ्या पहाऱ्यावर), नाहीतर चुकीच्या रस्त्यावर घ्यायचा.

‘नो रूट टू होस्ट’ घरातल्या पत्त्यासाठी आलं, तर बहुतेक ते उपकरणच त्या पत्त्यावर नाही. बंद आहे किंवा राउटरने त्याला नवा पत्ता दिलाय.

‘कुड नॉट रिझॉल्व्ह’ किंवा ‘नेम डझ नॉट रिझॉल्व्ह’ म्हणजे नावाचा पत्ता सापडला नाही. इथे पोर्ट, फायरवॉल वगैरेला हात लावू नका. तिथवर गोष्ट पोचलेलीच नाही.

चाचणी त्याच जागेवरून करा

लॅपटॉपवरून पिंग (‘आहेस का?’ अशी हाक) गेलं म्हणून कंटेनरमधूनही जाईल, असं नाही. ज्या चौकोनातून बाण निघतो, त्या चौकोनात शिरून तपासायचं.

पहिली कमांड ‘डॉकर पीएस’. कंटेनर चालू आहे का, आणि पोर्टच्या रकान्यात काय लिहिलंय ते पाहा. तिथे ०.०.०.०:१८८३ असेल तर सगळ्या घराला दार उघडं आहे. १२७.०.०.१:१८८३ असेल तर फक्त सर्व्हरच्या स्वतःसाठी. त्यापुढे उजवीकडे जाणारा बाण (->) दिसतच नसेल, नुसतं १८८३/टीसीपी असेल, तर पोर्ट प्रकाशितच झालेला नाही. हा तिसरा प्रकार फसवा, कारण आकडा दिसतो म्हणून आपण पुढे जातो.

दुसरी कमांड ‘डॉकर लॉग्ज’ आणि पुढे कंटेनरचं नाव. शेवटच्या ओळी नव्हे, सुरुवातीच्या वाचा. प्रोग्रॅम उठताना तो कुठल्या पत्त्यावर ऐकायला बसला, ते बहुतेक वेळा तिथेच सांगतो.

तिसरी, ‘डॉकर एक्झेक’ने कंटेनरच्या आत शेल (कमांड टाइप करायची जागा) उघडा आणि तिथून पिंग, नाव तपासणारं एनएसलुकअप, पोर्ट तपासणारं एनसी चालवा. होम असिस्टंटची इमेज अल्पाइन लिनक्सवर बेतलेली आहे, त्यामुळे ही साधी हत्यारं आत मिळतात. काही इमेज इतक्या छाटलेल्या असतात की आत शेलही नसतं. अशा वेळी नेटशूट नावाची इमेज कामी येते. ती चालवताना नेटवर्कच्या पर्यायात ‘कंटेनर:’ लिहून पुढे आजारी कंटेनरचं नाव द्यायचं. मग नेटशूट त्याच्याच नेटवर्कमध्ये बसतो: तोच पत्ता, तेच रस्ते, पण हातात पॅकेटं दाखवणाऱ्या टीसीपीडम्पपासून नावं शोधणाऱ्या डिगपर्यंत सगळी पेटी. आजाऱ्याला न हलवता त्याच्या खाटेशेजारी डॉक्टर बसवल्यासारखं.

चौथी, सर्व्हरवर ‘एसएस’ ही कमांड टी, यू, एल, पी, एन या पर्यायांसह चालवा. कुठला प्रोग्रॅम कुठल्या पोर्टवर बसलाय याची यादी मिळते. ‘अॅड्रेस ऑलरेडी इन यूज’ आलं, तर जागा कुणी अडवलीय ते इथे दिसेल.

माझी टाकी का वाहिली

त्या सकाळी उशिरा का होईना, मी हेच केलं. लॅपटॉपवरून १९२.१६८.१.१० च्या १८८३ पोर्टला हात लावला: रिफ्यूज्ड. म्हणजे सर्व्हर जिवंत आहे, रस्ता बरोबर आहे. ‘डॉकर पीएस’मध्ये ०.०.०.०:१८८३ दिसत होतं, म्हणजे गेटवर सांगून ठेवलंय. मॉस्किटोच्या कंटेनरमध्ये शिरून ‘मॉस्किटो सब’ (निरोप ऐकणारी कमांड) चालवलं तर ते मजेत जोडलं गेलं. आत चालतं, बाहेरून चालत नाही. लॉगची सुरुवात वाचली आणि उत्तर समोर होतं: ‘स्टार्टिंग इन लोकल ओन्ली मोड’.

मॉस्किटोच्या २.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० च्या डिसेंबरपासून, एक मोठा बदल झालाय. सेटिंग फाइलमध्ये ‘लिसनर’ची, म्हणजे कुठे ऐकायचं ते सांगणारी, ओळ नसेल तर तो फक्त स्वतःच्या लोकलहोस्टवर ऐकतो, आणि ती ओळ दिली तर वेगळं सांगितल्याशिवाय बिननावाच्या पाहुण्याला आत घेत नाही. आधीच्या १.६ मध्ये दोन्ही गोष्टी मोकळ्या होत्या. माझी इमेज ‘लेटेस्ट’ या टॅगवर होती आणि किती तरी दिवस मी ती ओढलीच नव्हती. त्या रात्री ओढली आणि एका उडीत १.६ वरून २ वर गेलो.

यातली एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी. हाच बिघाड सर्व्हरवरूनच १२७.०.०.१ ला जोडून तपासला, तर ‘रिफ्यूज्ड’ येत नाही. जोडणी होते आणि लगेच तुटते. कारण तिथे डॉकरचा स्वतःचा मध्यस्थ आधी फोन उचलतो, मग आतल्या कंटेनरकडे लावायला जातो, तिथे कुणी घेत नाही, आणि मग तो ठेवून देतो. एकच आजार, दोन जागांवरून दोन वेगळी लक्षणं.

उपाय छोटा आहे. ‘मॉस्किटो डॉट कॉन्फ’ फाइलमध्ये ‘लिसनर १८८३’ ही ओळ घाला आणि ‘पासवर्ड फाइल’च्या ओळीत पासवर्डच्या फाइलचा रस्ता द्या. चाचणीपुरतं ‘अलाउ अनॉनिमस ट्रू’ करून पाहायला हरकत नाही, पण तसंच सोडून देऊ नका. पासवर्डची फाइल ‘मॉस्किटो पासडब्ल्यूडी’ने बनते. तिचा ‘सी’ हा पर्याय फक्त पहिल्या वेळी द्यायचा. दुसऱ्या वापरकर्त्याच्या वेळी पुन्हा दिलात तर जुनी फाइल पुसून नवी बनते, आणि पहिला वापरकर्ता गायब.

इथेच आणखी एक खड्डा आहे. कंपोज फाइलच्या व्हॉल्यूममध्ये (सर्व्हरवरच्या फाइली कंटेनरला देणाऱ्या भागात) ‘मॉस्किटो डॉट कॉन्फ’चा रस्ता दिला, पण ती फाइल सर्व्हरवर अजून तयारच केली नाही, तर डॉकर त्या नावाचं फोल्डर बनवून टाकतो. मग मॉस्किटो उठतच नाही आणि आपण नेटवर्कला शिव्या देतो. म्हणून आधी फाइल, मग कंटेनर.

आणि मॉस्किटोच्या लॉगमध्ये एकच नाव पुन्हा पुन्हा ‘ऑलरेडी कनेक्टेड, क्लोझिंग ओल्ड कनेक्शन’ म्हणत असेल, तर दोन उपकरणांना तुम्ही एकच क्लायंट आयडी दिलाय. दोघं एकमेकांना खुर्चीवरून उठवत बसतात. सेन्सरचा कोड कॉपी-पेस्ट करून दुसरा सेन्सर बनवला की हे हमखास होतं.

होम असिस्टंट होस्ट मोडमध्ये, बाकीचे ब्रिजवर

होम असिस्टंटच्या अधिकृत सूचनांमध्ये कंटेनर ‘नेटवर्क मोड होस्ट’ने चालवायला सांगितलंय. माझंही मत तेच. होस्ट मोडमध्ये कंटेनरला वेगळं नेटवर्क मिळत नाही, तो सर्व्हरचंच नेटवर्क वापरतो आणि थेट सर्व्हरच्या ८१२३ पोर्टवर बसतो. त्यासोबत पोर्टची यादी लिहिली तर तिचा उपयोग होत नाही.

पण यातून एक तिरपागडी स्थिती तयार होते. तिन्ही गोष्टी एकाच कंपोज फाइलमध्ये आहेत, म्हणून आपल्याला वाटतं सगळ्यांनी मॉस्किटोला ‘मॉस्किटो’ या नावाने हाक मारावी. झिग्बीटूएमक्यूटीटी ब्रिजवर आहे, त्याला ते नाव कळतं, कारण कंपोजने बनवलेल्या नेटवर्कवर डॉकर १२७.०.०.११ या पत्त्यावर स्वतःची नावांची डायरी ठेवतो. होम असिस्टंट मात्र सोसायटीच्या बाहेर, सर्व्हरच्या अंगणात राहतो. त्याच्याकडे ती डायरी नाही. त्याने ब्रोकरचा पत्ता १२७.०.०.१ द्यायचा, कारण त्याच्यासाठी लोकलहोस्ट म्हणजे सर्व्हर आणि सर्व्हरच्या १८८३ वर मॉस्किटो प्रकाशित आहे. म्हणजे एकाच ब्रोकरसाठी दोन शेजाऱ्यांनी दोन पत्ते वापरायचे आणि दोन्ही बरोबर.

नावावरून आणखी दोन गोष्टी. ही डायरी मूळ ब्रिजवर मिळत नाही. कंपोजशिवाय नुसत्या ‘डॉकर रन’ने कंटेनर चालवलेत तर ते एकमेकांना नावाने ओळखणार नाहीत. आणि दोन वेगळ्या कंपोज फाइली म्हणजे दोन वेगळ्या सोसायट्या. त्यांना बोलायचं असेल तर ‘डॉकर नेटवर्क क्रिएट’ने एक सामाईक नेटवर्क बनवून दोन्ही फाइलींत ते ‘एक्स्टर्नल’ म्हणून जोडा.

उलट दिशेला, ब्रिजवरच्या कंटेनरला होस्ट मोडमधल्या होम असिस्टंटकडे जायचं असेल, तर त्याच्या कंपोज नोंदीत ‘एक्स्ट्रा होस्ट्स’मध्ये ‘होस्ट डॉट डॉकर डॉट इंटरनल’ हे नाव ‘होस्ट-गेटवे’कडे वळवा. लिनक्सवर ही सोय डॉकर २०.१० पासून आहे. विंडोज आणि मॅकवरच्या डॉकर डेस्कटॉपची गोष्ट निराळी: तिथे डॉकर एका आभासी यंत्रात चालतो, त्यामुळे होस्ट मोडमधला ‘होस्ट’ म्हणजे मुळात तुमचा लॅपटॉप नसून ते आतलं यंत्र. खेळून पाहायला ठीक, घर चालवायला लिनक्सच घ्या.

भाजीवाल्याची हाळी गेटच्या आत येत नाही

‘बल्ब आपोआप सापडत नाही’ ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. यात बल्बचा दोष क्वचित असतो.

उपकरणं एकमेकांना शोधतात ती हाळी देऊन. एमडीएनएस ही पद्धत २२४.०.०.२५१ या सामूहिक पत्त्यावर, यूडीपी ५३५३ पोर्टवर ओरडते: ‘कास्ट करणारं कुणी आहे का?’ एसएसडीपी २३९.२५५.२५५.२५० वर, १९०० पोर्टवर तेच करते. गल्लीत भाजीवाल्याची हाळी जशी त्या गल्लीपुरतीच ऐकू येते, तसंच हे. एमडीएनएसची हाळी नेटवर्कची हद्द ओलांडतच नाही, आणि डॉकरचा ब्रिज म्हणजे वेगळी हद्द. तुम्ही ५३५३ पोर्ट प्रकाशित केलात तरी ती आत पोचणार नाही. म्हणूनच होस्ट मोड.

होस्ट मोड असूनही सापडत नसेल तर मधोमध उभं राहा. सर्व्हरवर ‘टीसीपीडम्प’ लावा, ५३५३ पोर्टपुरता, आणि मोबाइलवरून कास्टचं बटण दाबा. ओळी धावू लागल्या तर हाळी सर्व्हरपर्यंत येतेय, पुढचा घोटाळा होम असिस्टंटकडे. त्याच्या सेटिंगमध्ये सिस्टीम, मग नेटवर्क उघडा. तिथे कुठल्या नेटवर्क कार्डवर ऐकायचं ते निवडता येतं. डॉकरचे ब्रिज, व्हीपीएन अशी पाच-सहा कार्डं असतील, तर घरच्या नेटवर्कचं कार्ड निवडलेलं आहे ना ते बघा.

टीसीपीडम्पमध्ये शांतता असेल तर राउटरकडे चला. बल्ब पाहुण्यांच्या वायफायवर नाहीत ना? ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ चालू नाही ना? ते चालू असलं की वायफायवरची उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत, इंटरनेट मात्र सगळ्यांना झकास चालतं, त्यामुळे संशयही येत नाही. मेश राउटर किंवा स्विच असेल तर ‘आयजीएमपी स्नूपिंग’ एकदा बंद करून पाहा. काही यंत्रांवर त्याची अंमलबजावणी अशी असते की सामूहिक हाळ्या वाटेतच हरवतात.

आणि सापडण्याचा हट्ट सोडला तरी चालतं. बहुतेक इंटिग्रेशनमध्ये (होम असिस्टंटला उपकरण जोडणाऱ्या भागात) उपकरणाचा पत्ता हाताने देता येतो. हाळी आडली तरी सरळ बोलणं ब्रिजवरूनही होऊ शकतं. विझचे बल्ब यूडीपी ३८८९९ वर ऐकतात, ईएसपीहोम या ईएसपी चिपसाठीच्या सॉफ्टवेअरवरची उपकरणं टीसीपी ६०५३ वर. पत्ता दिला की काम सुरू. ईएसपीहोमचा डॅशबोर्ड ब्रिजवर असेल आणि सगळी उपकरणं ऑफलाइन दाखवत असेल, तर तो एमडीएनएसची वाट पाहतोय. त्याला पिंगने हजेरी घ्यायला सांगणारं एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे, ते चालू करा.

सगळ्यात चिडचिड करणारा प्रकार उलट्या फोनचा. सोनोसच्या स्पीकरवर गाणं लावता येतं, पण आवाज हाताने वाढवला तर होम असिस्टंटला पत्ता लागत नाही. कारण बदल कळवण्यासाठी स्पीकरच होम असिस्टंटला फोन करतो, सहसा १४०० पोर्टवर. ब्रिजवरच्या होम असिस्टंटने त्याला स्वतःचा नंबर १७२.१८ वाला दिलेला असतो, आणि स्पीकरला ती सोसायटी माहीतच नाही. शेलीच्या पहिल्या पिढीच्या स्विचचंही तेच. ते स्थिती सामूहिक पत्त्यावर ओरडून सांगतात. त्यांच्या सेटिंगमध्ये कोआयओटीच्या रकान्यात सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट ५६८३ लिहिला, की ते ओरडणं सोडून थेट सांगू लागतात. एका बाजूने हुकूम चालतो आणि दुसऱ्या बाजूने खबर येत नाही, असं दिसलं की हाच धागा ओढा.

मॅकव्हीलॅनचा सल्ला बरेच जण देतात: कंटेनरला घरच्या नेटवर्कवरचा स्वतंत्र पत्ता द्यायचा. मी तो सहसा देत नाही. त्या रचनेत सर्व्हर आणि त्याचाच कंटेनर एकमेकांशी थेट बोलू शकत नाहीत, त्यासाठी सर्व्हरवर आणखी एक जोडकार्ड उभं करावं लागतं. आणि सर्व्हर वायफायवर असेल तर ते बहुधा चालतच नाही.

फायरवॉलचा चकवा

उबुंटूवर यूएफडब्ल्यू ही फायरवॉल लावलेली असेल तर हे नीट वाचा. ब्रिजवरच्या कंटेनरचा प्रकाशित पोर्ट यूएफडब्ल्यूला न विचारता उघडतो, कारण डॉकरचे नियम पॅकेटला तिच्या आधीच वळवून घेतात. म्हणजे तुम्हाला वाटतं पोर्ट बंद आहे आणि तो सताड उघडा असतो. होस्ट मोडमध्ये मात्र हा वळसा नाही, तिथे यूएफडब्ल्यूचं राज्य चालतं. त्यामुळे होम असिस्टंट ब्रिजवरून होस्ट मोडवर आणला आणि मोबाइलवर ‘टाइम्ड आउट’ सुरू झालं, तर घाबरू नका. १९२.१६८.१.०/२४ कडून टीसीपी ८१२३, यूडीपी ५३५३ आणि १९०० यांना परवानगी द्या. सोनोस असेल तर टीसीपी १४०० लाही.

रिव्हर्स प्रॉक्सी (ब्राउझरच्या विनंत्या आत पोचवणारी मध्यस्थ) ब्रिजवर असेल तर तिच्याकडून होम असिस्टंटकडे जाणारी पॅकेटं १७२ च्या पत्त्यांवरून येतात आणि यूएफडब्ल्यू त्यांनाही अडवते. ब्राउझरला ‘५०४ गेटवे टाइमआउट’ दिसतो. परवानगीत तोही पट्टा घाला. त्याच्या पुढची पायरी म्हणजे ‘४०० बॅड रिक्वेस्ट’. २०२१.७ या आवृत्तीपासून अनोळखी प्रॉक्सीकडून आलेली विनंती होम असिस्टंट परत पाठवतो. प्रॉक्सीचा पत्ता त्याच्या लॉगमध्ये लिहिलेला असतो. तोच उचलून ‘ट्रस्टेड प्रॉक्सीज’मध्ये टाका आणि ‘यूज एक्स फॉरवर्डेड फॉर’ चालू करा. लॉगिनचं पान दिसतं पण आत गेल्यावर फिरतच राहतं, तर प्रॉक्सीत वेबसॉकेट (सतत चालू राहणारी जोडणी) चालू करायचं राहिलंय.

लाइट येऊन गेल्यावर

आपल्याकडे हा स्वतंत्र विभाग लागतो. पावसाळ्यात लाइट जाते, येते, आणि काल चालणारं घर आज बहिरं होतं.

सर्व्हर अर्ध्या मिनिटात उठतो, राउटरला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात उपकरणांचे पत्ते बदलतात. राउटरच्या डीएचसीपी रिझर्वेशनमध्ये सर्व्हरचा आणि हाताने जोडलेल्या प्रत्येक उपकरणाचा पत्ता कायमचा करून टाका. या एका कामाने अर्ध्या तक्रारी संपतात. कंपोजमधल्या ‘डिपेंड्स ऑन’वर फार विसंबू नका. साध्या रूपात ते फक्त कंटेनर सुरू करण्याचा क्रम लावतं, आतला प्रोग्रॅम तयार झालाय का ते पाहत नाही.

पायहोल या जाहिराती अडवणाऱ्या प्रोग्रॅमसारखा डीएनएस (नावांचे पत्ते सांगणारा) कंटेनरमध्ये असेल आणि सर्व्हर स्वतःही नावं त्यालाच विचारत असेल, तर वर्तुळ तयार होतं. पायहोल उठलेला नाही म्हणून नावं कळत नाहीत, आणि नावं कळत नाहीत म्हणून बाकीचे कंटेनर रडत बसतात. सर्व्हरला स्वतःला राउटरचा किंवा बाहेरचा डीएनएस द्या. पायहोल ५३ पोर्टवर बसायलाच तयार नसेल, तर तिथे बहुतेक सिस्टीमडी-रिझॉल्व्हड हा लिनक्सचाच नावं शोधणारा प्रोग्रॅम आधीच बसलेला असतो. त्याच्या सेटिंगमधला ‘डीएनएस स्टब लिसनर’ बंद करा.

रास्पबेरी पाय वापरणाऱ्यांसाठी एक खास. पाय ४ मध्ये घड्याळ जपणारी बॅटरी नसते. लाइट आल्यावर, इंटरनेट सुरू होऊन वेळ मिळेपर्यंत, तो जुन्याच तारखेत जगतो. मग हवामान, क्लाउड, नोटिफिकेशन सगळीकडे सर्टिफिकेटचे एरर येतात. नेटवर्कचा बिघाड वाटतो, असतो घड्याळाचा. आधी ‘डेट’ टाइप करून पाहा.

रस्ते आपटतात तेव्हा

क्वचित, पण डोकं फिरवणारं. सर्व्हरवर खूप कंपोज प्रकल्प झाले की डॉकरचे १७२ चे पट्टे संपतात आणि तो १९२.१६८ मधले तुकडे वापरू लागतो. तुमच्या घराचा पट्टा त्यातच आला, तर सर्व्हरला वाटतं बल्ब आपल्याच पोटात आहे. इंटरनेट चालतं, काही उपकरणं गायब. ‘आयपी रूट’ची यादी काढा. घरच्या पट्ट्याशी जुळणारी ‘बीआर-’ने सुरू होणारी ओळ दिसली तर ते नेटवर्क काढा, आणि ‘डेमन डॉट जेसॉन’ या डॉकरच्या सेटिंग फाइलमध्ये ‘डिफॉल्ट अॅड्रेस पूल्स’ देऊन डॉकरला त्याची वेगळी जागा नेमून द्या.

राहिला बाहेरून जोडण्याचा प्रश्न. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी राउटरमधून आत वळवणं) करण्यात रात्र घालवण्याआधी राउटरच्या पानावर त्याचा वॅन, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, तर तुमच्यासारखी अनेक घरं एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसलीत आणि पोर्ट फॉरवर्डिंग चालणारच नाही. टेलस्केल किंवा क्लाउडफ्लेअर टनेल वापरा, कारण त्यात जोडणी आतून बाहेर जाते. फक्त हा पत्ता राउटरच्याच पानावर पाहायचा, सर्व्हरवर नाही. टेलस्केलही याच पट्ट्यातले पत्ते वाटतं, आणि मी एकदा त्यावरूनच इंटरनेट कंपनीला उगाच फोन केला होता.